वरून फोकलेली भुकटी

दादाचा तो फोन आला तेव्हा मी सुरतेत, पांडेसऱ्यातल्या आमच्या मिलच्या कलर लॅबमध्ये एका राणी रंगाशी भांडत होतो. पार्टीने पाठवलेला साडीचा तुकडा आणि आम्ही रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी ठेवले की आमचा किंचित निळ्याकडे झुकत होता. तीन वेळा रेसिपी बदलली तरी हटत नव्हता. अशा वेळी मला कुणी नुसती हाक मारली तरी मी अंगावर जातो. माझं डोकं लवकर तापतं, हे मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे आणि घरी तर आहेच. दादा माझा थोरला भाऊ, त्यालाही ते लहानपणापासून ठाऊक, म्हणून तो माझ्या कामाच्या वेळात कधी फोन करत नसे. त्या दिवशी केला.

"भाऊ, डीएपी काही भेटत नही," तो म्हणाला. "दुकानवाला म्हनस सुपर लई जा, नही ते ती दगडनी भुकटी लई जा. तू केमिकलमां शे ना? सांग, हरबराले काय टाकू?"

मी त्याला म्हणालो की संध्याकाळी बोलू, आणि फोन ठेवणार तेवढ्यात तो हसत हसत बोलला, "यंदा हरबरा नही उना ना, ते मी बी सुरतले येसू. तुनी मिलमां लावी दे कोठे तरी."

हसत बोलला खरा, पण दादा गंभीर गोष्ट हसल्याशिवाय बोलूच शकत नाही. आमचं धुळे जिल्ह्यातलं चार एकर वावर, सगळं कोरडवाहू. विहीर नाही, कालवा नाही. पावसाळ्यात मूग निघाला तर निघाला, खरं पीक रब्बीतला हरभरा. तोही जमिनीत मुरलेल्या ओलीवर येतो. पेरल्यावर वरून पाऊस पडला तर पडला, नाहीतर खालच्या ओलीवरच त्याला उभं राहायचं असतं. मागच्या दोन वर्षांत हरभऱ्याने तोंड फिरवलं होतं. गावातल्या दादाच्या वयाच्या माणसांपैकी निम्मे तर आधीच इकडे उधना, लिंबायत, गोडादऱ्यात येऊन लूमवर नाहीतर मिलमध्ये लागले होते.

मला दादा इथे यायला नको होता. हे मी सरळच सांगतो. आमच्या खात्यात वाफेच्या नळ्यांमधून फिरताना सदरा पाठीला चिकटून बसतो, आणि नव्या माणसाच्या डोळ्यांतून पहिले आठ दिवस नुसतं पाणी वाहतं. पन्नाशीच्या दादाला त्या वाफेत उभं केलेलं मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. शिवाय त्यात माझा स्वार्थही होता. इथे मला कोणी विचारलं की तुम्ही कुठले, तर मी गावाचं नाव घेतो आणि म्हणतो, आमची शेती आहे. दादा इकडे आला तर मी कुठला?

म्हणजे त्या खताच्या निवडीवर काय अवलंबून होतं ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. म्हणूनच मी ती निवड अंदाजाने करायची नाही असं ठरवलं. अठरा वर्षं मी रंगांची तुलना करून पोट भरतोय. तीन खतांची तुलना मला जमू नये?

पुढचे चार दिवस मी मोबाइलवर तेवढंच पाहत होतो. पिकाला लागणारा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मुळांना धरायला लावतो, डाळवर्गाला तर फारच हवा. डीएपीत तो भरपूर असतो आणि सोबत नत्रही मिळतं. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद कमी, म्हणून गोण्या जास्त लागतात, पण त्यात गंधक असतं आणि ते हरभऱ्याला मानवतं. आणि रॉक फॉस्फेट, दादाची ती दगडाची भुकटी, म्हणजे खाणीतला खडकच दळून पोत्यात भरलेला. स्वस्त आणि कुठेही मिळणारा. त्याच्याबद्दल लिहिलं होतं की तो आंबट जमिनीत हळूहळू विरघळतो. मी "हळूहळू विरघळतो" एवढंच मनात धरलं.

मग मी दादाला आमच्या वावरातली माती पाठवायला सांगितली. त्याने सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत भरून गावच्या एका माणसाबरोबर पॅसेंजरने उधन्याला धाडली. काळी माती, मध्ये मध्ये चुन्याचे पांढरे खडे. पिशवी खांद्यावरून गोडादऱ्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी चढवताना माझी कंबर धरली. बायकोने दार उघडलं आणि पिशवीकडे पाहून म्हणाली, "वावर सोडीसन इतला वरीस व्हयनात, आनी आते वावरच घर चाली उनं."

गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली केमिकलचे रिकामे चार डबे धुऊन मांडले. एकात काहीच खत नाही, नुसती माती. दुसऱ्यात डीएपी, तिसऱ्यात सुपर, चौथ्यात भुकटी. डीएपी एका ओळखीच्या नर्सरीवाल्याकडून मूठभर मागून आणलं. चारही डब्यांत गावचा हरभरा पेरला आणि खडूने वर आकडे टाकले. आता खत कसं द्यायचं?

इथे माझ्या हाताबद्दल थोडं सांगायला हवं. लॅबमध्ये आम्ही कुठलाच रंग कोरडा वापरत नाही. आधी त्याचा पाण्यात घोळ करायचा, मोजून बाटलीत भरायचा, आणि मग पिपेटने हवे तेवढे थेंब बीकरमध्ये सोडायचे. शिवाय पॉलिएस्टरच्या प्रत्येक बीकरमध्ये चार थेंब अॅसिडचे पडतात, कारण पाणी आंबट नसेल तर रंग नीट बसत नाही. हे करताना विचार करावा लागत नाही. सकाळी चप्पल घालताना कोण विचार करतो? मी मातीचाही पीएच लॅबमधल्या आंबटपणा मोजायच्या कागदाने तपासला होता. आठच्या वर गेला. आठ म्हणजे आंबटाच्या उलट, अल्कलीची बाजू, आणि ती बाजू आम्हाला नवीन नाही, चार थेंबांत जागेवर येते. तसंच मी केलं. तिन्ही खतांचा वेगवेगळा घोळ केला, प्रत्येकात अॅसिडचे थेंब टाकले, रात्रभर मुरू दिला, आणि दर दोन दिवसांनी तो डब्यांत मोजून सोडत राहिलो.

हे करताना मला एकदाही चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट दुकानदाराच्या थापांवर जाणाऱ्या लोकांपेक्षा आपण किती पद्धतशीर काम करतोय याचा मला माजच चढला होता.

त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी सातला दादाला फोन करत होतो. त्याआधी आमचे फोन सणावारी व्हायचे, आणि तेही बायकाच करून द्यायच्या. कशी तब्येत, बरी, पाऊस आहे का, नाही, झालं. आता मात्र मला सांगायला रोज काहीतरी असायचं. आज एक नंबरचा पिवळा पडला. आज तीन नंबरला चौथं पान फुटलं. दादा सगळं ऐकून घ्यायचा, मग तो तिकडचं सांगायचा. मूग कितपत भरलाय, कुणाचा बैल विकला, शेजारच्या बांधावरची बोर यंदा कशी फुललीय. मग बोलता बोलता आबांवर यायचा, म्हणजे आमच्या वडिलांवर. ते जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं त्यांच्याबद्दल तोपर्यंत धड बोललोच नव्हतो. एकदा तर फोन तासभर चालला आणि खाली भाजी गार झाली म्हणून बायको गच्चीवर येऊन ओरडली. मला ते दिवस आवडत होते. सकाळी डोळे उघडले की आधी गच्ची आठवायची, आणि मिलमध्ये जाताना आज संध्याकाळी दादाला काय सांगायचं ते मी जुळवत असे.

महिना झाल्यावर मी प्रत्येक डब्यातलं एकेक पान खुडून लॅबमध्ये नेलं. रंगाची तुलना आम्ही एका चौकोनी पेटीत करतो, आत ठरावीक दिव्याचा उजेड असतो, म्हणजे ट्यूबलाइट आणि उन्हाने डोळे फसत नाहीत. पानं त्या पेटीत ठेवली आणि आमच्या कलर मास्टरांना बोलावलं. मास्टर सुरतीच, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, रंगाच्या बाबतीत त्यांचा डोळा चुकत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि विचारलं, "आ कई पार्टीनो माल छे?"

"मारा गामनो," मी म्हणालो.

ते हसले, पण हसून सोडून दिलं नाही. पानं खाली-वर केली. एक नंबर बाजूला काढला. बाकी तिघांवरून बोट फिरवून म्हणाले, "त्रणे सरखा छे. पास."

मी ती तीन पानं शेड कार्डवर, म्हणजे पास झालेले रंग लावायच्या पुठ्ठ्यावर, स्टेपल केली आणि खाली आमचा "ओके"चा शिक्काही मारला. म्हणजे किती चढलं होतं बघा. संध्याकाळी दादाला सांगितलं, डीएपीच्या मागे पळू नकोस, सुपरच्या गोण्याही वाहू नकोस. भुकटी तेवढीच काम करते. भुकटीच घे.

त्याने घेतली. दसऱ्यानंतर वाफसा आला आणि पेरणीच्या दिवशी, भर कामात, त्याचा पुन्हा फोन आला. कोरडवाहूत हरभरा पेरायला आमच्याकडे दोन चाड्यांची पाभर असते. एका चाड्यातून बी पडतं, दुसऱ्यातून खत, आणि दोन्ही एकाच तासात, म्हणजे पाभरीच्या एकाच रेघेत, खाली ओलीत जातात, खत बियाच्या जरा खाली. आता बैलांऐवजी ट्रॅक्टर ओढतो, पण पद्धत तीच.

"भुकटी चाडामांथीन उतरत नही," दादा म्हणाला. मागे ट्रॅक्टर घरघरत होता. "गोया व्हई बसस. काय करू?"

बारीक भुकटी गोळा होऊन नळीत अडकत होती. माझ्यासमोर दोन मशीन थांबलेली आणि मास्टर दारात उभे. मी एका दमात सांगून टाकलं की मग वरून फोकून दे, हाताने नुसती उधळ, काय फरक पडतो, शेवटी पाण्यात विरघळणारच आहे.

"वरथून?"

"हो रे, वरून. मी महिनाभर बघितलंय ना?"

"बरं," तो म्हणाला.

पेरणी होऊन नऊ दिवस झाले होते. कापड रंगवायच्या जेट मशीनवरचा एक ऑपरेटर धावत लॅबमध्ये आला. हिरव्या लॉटवर सगळीकडे गडद ठिपके आलेले. कापड बाहेर काढलं तर अंगावर कांजिण्या उठाव्यात तसं. मी मशीनजवळ गेलो आणि पाहिलं, रंगाची कोरडी पावडर तशीच मशीनमध्ये ओतलेली. घोळ करायला वेळ नव्हता म्हणे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं खातं ऐकेल एवढ्या मोठ्याने मी ओरडलो, "सूखा क्यों डाला? सूखा डालेगा तो जहाँ गिरेगा वहीं बैठेगा! घोल कौन बनाएगा, तेरा बाप?"

आणि ओरडता ओरडताच मला माझंच वाक्य ऐकू आलं.

कोरडं टाकलं तर जिथे पडेल तिथेच बसेल. दादाच्या वावरात मी तेच करायला लावलं होतं. गच्चीवर भुकटीचा घोळ मी केला होता, तोही अॅसिड घालून, रात्रभर मुरवून. खडक मी विरघळवला आणि श्रेय खडकाला दिलं. चार एकरांत तो घोळ कोण करणार होतं? तिथली माती चुन्याची, आंबटपणाचा मागमूस नाही. आणि स्फुरद मुळात मातीत चालत जात नाही, जिथे ठेवाल तिथेच राहतो, हे तर मी माझ्याच मोबाइलवर वाचलं होतं. म्हणूनच तो पाभरीने खाली ओलीत ठेवायचा असतो. वरची चार बोटं माती दिवाळीपर्यंत खडखडीत वाळते आणि मुळं ओलीच्या मागे खाली जातात. भुकटी वर, मुळं खाली. सुपर असतं, डीएपी असतं, तरी वरून फोकल्यावर वायाच गेलं असतं. ही तर भुकटी होती. मी एकाच वाक्यात दोन चुका करून ठेवल्या होत्या. वर अठरा वर्षं मीच नव्या माणसांना बजावत आलोय की लॅबमध्ये आलेला रंग मशीनवर तसाच येईल असं कधी धरून चालू नका.

ऑपरेटर माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी त्याला तसाच सोडून बाहेर आलो आणि मिलच्या गेटपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

त्या संध्याकाळी सात वाजता मी गच्चीवर फोन हातात धरून उभा राहिलो आणि लावला नाही. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दादाचाच आला तर मी कट केला आणि मिलमध्ये आहे असा मेसेज टाकला. होतो मी घरीच, पलंगावर. मग त्याचेही फोन कमी झाले. बायको विचारायची, भावाभावांचं काही बिनसलं का? मी तिच्यावरच खेकसायचो.

काय करत होतो मी त्या दिवसांत? मोबाइलवर गावाकडचं आभाळ बघत होतो. दिवसातून वीस वेळा. ढग दिसला तर वाटायचं, एक सर पडली तर वरची माती ओली होईल, मुळं वर येतील, काहीतरी होईल. सर पडली नाही. मिलमध्ये एका जागी बसवत नव्हतं. एकाच रंगाचं वजन दोनदा करायचो आणि दोनदा चुकायचो. चहा मागवून तो तसाच ठेवून उठायचो. डबे मी उचलून गच्चीच्या कोपऱ्यात टाकले, दुसऱ्या दिवशी परत शेडखाली आणले. जिन्यात कुणी भेटलं तर आज सुट्टी का म्हणून विचारायचं, इतका मी वर-खाली करत होतो.

आणि एक गोष्ट मला अजून सलते. वाचताना मला कळलं होतं की हरभरा फुलोऱ्यात असताना थोडं डीएपी पाण्यात विरघळवून पानांवर फवारलं तर पीक काहीसं सावरतं. चार एकरांच्या फवारणीला लागणारं खत मिळवणं तेवढं अवघड नव्हतं, मी इथून पाठवू शकत होतो. पण पाठवलं की दादा विचारणार, कसाले? आणि मग सगळं सांगावं लागणार. मी रोज ठरवत होतो, आज सांगतो. फुलोरा येऊन गेला आणि मी ठरवतच राहिलो. भुकटीची चूक न कळून झाली होती, ही कळून केली.

संक्रांतीच्या सुमारास मी गावी गेलो. निघताना ठरवलं होतं की पोचल्या पोचल्या बोलायचं. वहिनीने पाणी दिलं, बाजरीची भाकरी आणि कढी केली, दादा समोर बसून मला वाढत राहिला. जेवून दोघं वावरात गेलो. आमचा हरभरा वीतभर उंचीचा, फिकट, घाटे मोजके. बांध ओलांडला की शेजाऱ्याचा हरभरा, तोच दिवस पेरणीचा, तीच जात, तोच पाऊस. त्याने सुपर टाकलं होतं, चाड्यातून, बियाखाली. त्याची झाडं गुडघ्याला लागत होती आणि जमीन झाकली गेली होती. तुलनाच करायची होती ना मला? बांधावर उभा राहिलो की दिसत होती. लॅब नको, पेटी नको.

मी खुरप्याने आमची माती उकरली. वरच्या पापुद्र्यात भुकटी जशी टाकली तशीच होती, राखाडी, बोटांना मऊ लागणारी. तिला पाण्याचा थेंब शिवला नव्हता. दादा शेजारी उकिडवा बसून पाहत होता. मी तोंड उघडलं.

"पानीच उनं नही नंतर," माझ्याआधी तोच म्हणाला. "हरबरा तरी काय करी?"

मी शेजाऱ्याच्या वावराकडे पाहिलं. दादानेही पाहिलं असणार. मग तो खुरपं घेऊन उठला आणि वहिनीने बोरं काढून ठेवलीत, घेऊन जा म्हणाला. मी बोरं घेऊन सुरतेला परत आलो.

होळी झाली आणि दादाचा फोन आला. वावर निम्म्या वाट्याने शेजाऱ्याला दिलं, वहिनी काही दिवस मुलीकडे राहील, तो परवाच्या गाडीने येतोय. मी मास्टरांना सांगून त्याच्यासाठी फोल्डिंग खात्यात बघून ठेवलं. तिथे वाफ नाही, उभं राहून साड्यांच्या घड्या घालायच्या. त्याहून जास्त मला काही करता आलं नाही.

उधना स्टेशनवर तो एक बॅग आणि डाळीची पिशवी घेऊन उतरला. गाव सोडून आलेला माणूस जसा दिसतो तसा तो दिसत नव्हता, लग्नाला आल्यासारखा धुतलेल्या कपड्यांत होता. मी पिशवी घेतली. ती हलकी होती. तेवढ्या डाळीवरून आमचा हरभरा किती निघाला असेल ते कळलं आणि मला पुढे बोलल्याशिवाय राहवेना. रिक्षात बसल्या बसल्या मी सगळं ओकून टाकलं. घोळ, अॅसिड, डबे, हिरवा लॉट, फवारणीचं माहीत असून गप्प राहिलो ते. रिक्षावाला आरशातून बघत होता. माझा आवाज चढत होता, जणू चूक दादाचीच होती आणि मी त्याला झापत होतो.

दादा बाहेर मिलच्या धुराड्यांकडे बघत ऐकत राहिला.

"माले माहीत व्हतं," तो म्हणाला.

मला वाटलं फवारणीबद्दल म्हणतोय. "काय माहीत व्हतं?"

"भुकटीनं. आपली चुनखडीनी जमीन. तठे भुकटी चालत नही. आनी आबा खत कधीच वरथून फोके नही."

 मला राग आला, खरंच आला. चार एकर, वर्षभराचं पीक, आणि याला माहीत होतं? "मंग बोलना का नही? पेरनीना दिन का नही बोलना?"

"तू चिडता," दादा म्हणाला. त्याने डाळीची पिशवी माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या पायाशी ठेवली. "आबा गयात तवयपासून पहिलांदा तू रोज फोन करे. अर्धा तास, एखादा दिन तासभर. वहिनी तुनी बठी राहे ऐकाले. मी म्हनतू की तुनं चुकस, ते तू चिडता आनी फोन बंद करता. म्हनीसन चूप ऱ्हायनू. म्हनं, जाई एक वरीस हरबरा."

रिक्षा सिग्नलला थांबली. तो माझ्याकडे वळला, आणि या वेळी हसत नव्हता.

"पन भुकटी टाकीसन बी तुना फोन बंदच व्हयना," तो म्हणाला. "माले ते समजनंच नही भाऊ. मी काय चुकनू?"